ताकदीची गोळी मागण्याआधी : जीवनसत्त्वांचा हिशेब घरच्या घरी

परळला औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून मला बावीस वर्षं होतील. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, ऑफिसं सुटली की, कुणी ना कुणी काचेवर कोपर टेकवून म्हणतंच, "ताई, एखादी ताकदीची गोळी द्या. अंगात दमच राहिला नाही." पट्टी काढून देणं दोन मिनिटांचं काम. पण मी आधी विचारते, "आज दुपारी काय जेवलात?" पुष्कळदा उत्तर येतं, "कुठलं जेवण, वडापाव खाल्ला उभ्या उभ्या."

जीवनसत्त्वांत ताकद नसते. त्यांत उष्मांक शून्य. ताकद येते ती भात-भाकरी, डाळ, तेल यांतून. खाल्लेलं अंगी लावण्याच्या कामात जीवनसत्त्वं हातभार लावतात, आणि तोही चिमूटभरच लागतो, मिलिग्रॅममध्ये नाहीतर मायक्रोग्रॅममध्ये. जेवणच नसेल तर गोळी हात कशाला लावणार?

एकूण तेरा जीवनसत्त्वं. ए, डी, ई आणि के ही चार चरबीत विरघळतात आणि शरीरात साठून राहतात, म्हणून त्यांचा अतिरेक बाधतो. बी गटातली आठ आणि सी ही पाण्यात विरघळतात. ती फार साठत नाहीत, जास्तीची बहुतेक लघवीवाटे जातात. अपवाद बी १२चा, ते यकृतात वर्षानुवर्षं साठतं. ही विभागणी डोक्यात ठेवा, पुढे पदोपदी लागेल. आणि नावांचा घोळ आधीच मिटवते : शाळेच्या पुस्तकातलं 'क' जीवनसत्त्व म्हणजे सी, तर 'के' हे वेगळंच. एक बाई 'क'साठी के असलेली पट्टी मागत होत्या. म्हणून इथे मी पट्टीवर असतात तीच नावं वापरते.

पायरी १ : ड्रॉवर रिकामा करा

घरातल्या सगळ्या गोळ्या, पावडरी, मुलांचं टॉनिक, केसांसाठी घेतलेल्या गमीज, दुधात घालायची चॉकलेटी पावडर, सगळं टेबलावर ओता. मुदत संपलेलं बाजूला काढा. उरलेल्या प्रत्येकाच्या मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा आणि वहीत लिहा : कुठलं जीवनसत्त्व, किती, दिवसातून किती वेळा. एकच जीवनसत्त्व तीन-तीन ठिकाणांहून पोटात जाताना दिसेल. कॅल्शियमच्या गोळीत डी असतं, मल्टीव्हिटॅमिनमध्ये असतं, आणि शिवाय डॉक्टरांनी दिलेली पुडी असते ती वेगळीच.

त्या पुडीवरून आठवलं. ६०,००० युनिटची डी ची सॅशे डॉक्टर बहुधा आठवड्याला एक अशी, काही आठवड्यांपुरती देतात. एका आजोबांना मी आठ सॅशे दिल्या. "आठवड्याला एक, दुधातून," असं सांगितलं. नवव्या दिवशी आजोबा दारात. "ताई, ती पावडर संपली. अजून आठ द्या, बरं वाटतंय." माझ्या पोटात गोळा आला. आठ दिवसांत ४,८०,००० युनिट! त्याच संध्याकाळी त्यांना डॉक्टरांकडे धाडलं, रक्तातलं कॅल्शियम तपासलं, ते ठीक निघालं. डी फार झालं की रक्तात कॅल्शियम चढतं, मळमळतं, बद्धकोष्ठ होतो, सारखी तहान लागते, आणि वेळेवर कळलं नाही तर मूत्रपिंडांवर बेततं. चूक आजोबांची नव्हती. दुकानात गर्दी होती आणि मी तोंडानं सांगून मोकळी झाले होते. तेव्हापासून प्रत्येक सॅशेवर पेनानं 'रविवार' आणि तारीख लिहूनच देते. तुमच्या दुकानदारानं लिहिलं नाही तर घरी तुम्ही लिहा.

पायरी २ : तीन दिवसांचं खाणं लिहून काढा

दोन कामाचे दिवस आणि एक सुट्टीचा. उपवास असेल तर तोही धरा, कारण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. खिचडीत जे काही सत्त्व असतं ते शेंगदाणे, बटाटा आणि वरून पिळलेल्या लिंबाचं. चहा, बिस्किटं, स्टेशनवरचं खाणं, मुलाच्या ताटातलं उरलेलं संपवलं ते, सगळं लिहा. कुणाला दाखवायचं नाहीये, तेव्हा खोटं लिहू नका.

मग त्या यादीवर पेन्सिलीनं खुणा करा. हिरवी पालेभाजी किती वेळा आली? कच्चं किंवा ताजं फळ? मोड आलेलं कडधान्य? दूध, दही, अंडं, मासा, मटण यांपैकी काही? गाजर, लाल भोपळा, पपई, आंबा असं पिवळं-केशरी काही? तीन दिवसांत ज्या प्रश्नापुढे एकही खूण नाही, तिथे तुमचं भोक आहे. माझ्या स्वतःच्या यादीत फळापुढे रकाना रिकामा होता, आणि मी लोकांना शहाणपण शिकवत होते.

पायरी ३ : भोक बाजारात भरा

महागडी परदेशी फळं लागत नाहीत. सी चं बघा : पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम, बाईला ६५, असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२०च्या शिफारशी सांगतात. शंभर ग्रॅम पेरूत ते साधारण दोनशे असतं. म्हणजे अर्ध्या पेरूत दिवस भागतो. आवळा त्याहून वरचढ. लिंबाचा मात्र बोलबाला जास्त. एका लिंबाच्या रसात जेमतेम पंधरा-वीस मिलिग्रॅम. तरीही पोह्यांवर, उसळीवर, मिसळीवर लिंबू पिळाच, कारण सी सोबत असलं की धान्य-कडधान्यांतलं लोह अंगी लागतं. सर्दी टाळायला सी च्या चघळायच्या गोळ्या नेणारे पावसाळ्यात रांग लावतात. रोज घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर बरी होते इतकंच, ती टळत नाही.

ए साठी पालेभाजी आणि केशरी फळं-भाज्या. शेवग्याचा पाला दादरच्या बाजारात सकाळी जुडीनं मिळतो, आणि पुष्कळ सोसायट्यांत तर शेवगा कुंपणालाच उभा असतो. शेंगा सगळे तोडतात, पाल्याकडे कुणी बघत नाही. माठ, मेथी, चवळई, अंबाडी, मुळ्याचा पाला, जे स्वस्त असेल ते घ्या. पालेभाजीतून के आणि फोलेटही (बी गटातलंच, गोळीत असतं ते फॉलिक ॲसिड) मिळतं. ई तेल आणि शेंगदाण्यातून आपसूक मिळतं, त्याची चिंता सोडा.

बाजारातून पाकीटबंद दूध किंवा तेल घेताना निळ्या रंगातलं 'प्लस एफ' चिन्ह आहे का बघा. त्यात ए आणि डी वरून मिसळलेलं असतं. रेशनच्या तांदळात थोडे वेगळे दिसणारे दाणे आले, तर त्यांना 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून निवडून फेकू नका. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी १२ मिसळून ते बनवलेले असतात.

पायरी ४ : चुलीवर घालवू नका

आणलेल्या भाजीतलं निम्मं सत्त्व आपण सिंकमध्ये ओततो, असं मला राहून राहून वाटतं. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं म्हणजे बी आणि सी पाण्याबरोबरच जातात, आणि सी व बी १ तापल्यावरही टिकत नाहीत.

भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात बुडवून ठेवू नका. संध्याकाळच्या लोकलच्या लेडीज डब्यात मेथी निवडणाऱ्या, मटार सोलणाऱ्या बायका बघून बाहेरगावच्या पाहुण्या चकित होतात. निवडायला काहीच हरकत नाही, पानं आख्खीच राहतात. चिरायचं मात्र घरी गेल्यावर, फोडणी तडतडायच्या बेतात. आदल्या रात्री बारीक चिरून फ्रिजमध्ये ठेवलेल्या भाजीतलं सी हवेनं सकाळपर्यंत बरंच उतरतं. मात्र नोकरी सांभाळून हेच जमत असेल तर तसंच करा. चिरलेली भाजी पोटात जाणं, न चिरलेली फ्रिजमध्ये सडण्यापेक्षा बरं.

पालेभाजी झाकण ठेवून, थोड्या पाण्यात, झटपट. पाणी उरलंच तर आमटीत. तेलाची फोडणी हवीच : पाल्यातलं आणि गाजरातलं ए तयार करणारं बीटा कॅरोटीन तेल-तुपाशिवाय नीट शोषलं जात नाही. डाएटच्या नावाखाली उकडलेली, बिनतेलाची भाजी खाणाऱ्यांना मी हे हटकून सांगते. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा.

उसळीत, छोल्यांत लवकर शिजावं म्हणून चिमटीभर खायचा सोडा घालायची सवय असेल तर सोडून द्या. सोड्यानं बी १ मरतं. त्यापेक्षा रात्री भिजवा. मोड आणले तर उत्तम : कोरड्या मटकीत सी जवळजवळ नसतं, मोड येताना ते तयार होतं. आठ-दहा तास भिजवून, पाणी निथळून, ओल्या फडक्यात बांधून झाकून ठेवा. मे महिन्यात दुसऱ्या दिवशी नखाएवढे मोड फुटतात. जुलैत दमट हवेनं मटकी बुळबुळीत होते आणि वास मारते, म्हणून दिवसातून एकदा धुऊन फडकं बदला. आणि कढईत फार रटरटवू नका, दाताखाली किंचित कच्ची लागली पाहिजे.

तांदूळ पाणी नितळ होईस्तोवर चार-पाचदा धुतात, तेही नको. एक-दोनदा पुरे. पांढऱ्याशुभ्र तांदळाचा कोंडा गिरणीतच गेलेला असतो आणि बी १ मुख्यतः कोंड्यात. जावामध्ये डच डॉक्टर आइकमन यांनी हेच पाहिलं होतं : कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले, कोंडा दिल्यावर त्या सुधारल्या. माणसांतल्या बेरीबेरीचं कोडं तिथून सुटत गेलं आणि १९२९ साली त्यांना नोबेल मिळालं. कोकणातला उकडा तांदूळ या बाबतीत शहाणा. टरफलासकट भात उकडताना कोंड्यातलं बी १ दाण्याच्या आत मुरतं आणि मग कोंडा काढल्यावरही बरंचसं राहतं. गावाहून कुणी पिशवी पाठवली तर नाक मुरडू नका, सकाळी पेज करा.

पायरी ५ : ऊन, पण कुठलं

"सकाळी कोवळ्या उन्हात बसते हो रोज, तरी डी कमी कसं?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. कारण कोवळ्या उन्हात डी जवळजवळ तयार होत नाही. त्यासाठी लागणारे अतिनील (यूव्ही-बी) किरण सूर्य वर चढल्यावरच खाली पोचतात. सोपी खूण : उन्हात उभं राहा आणि सावली बघा. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तरच उपयोग. मुंबईत ती वेळ साधारण अकरा ते तीन. हात, पाय, पाठ उघडी ठेवून आठवड्यातून तीन-चारदा पंधरा ते तीस मिनिटं, त्वचा सावळी असेल तर थोडं अधिक. चटका बसेपर्यंत थांबू नका. मे महिन्यात पाण्याची बाटली जवळ ठेवा, आणि म्हाताऱ्या माणसांना तेव्हा अकरालाच आत आणा, मे मध्ये सावली त्याआधीच आखूड होते.

काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन धरू नका, काच ते किरण अडवते. चाळीची गच्ची, सोसायटीची टेरेस, ऑफिसखालच्या चहाच्या टपरीपर्यंतची फेरी, यांतलं जे जमेल ते. पण खरं सांगायचं तर पहाटेची गाडी, दिवसभर ए.सी., रात्री परत, असं आयुष्य असणाऱ्याला आणि चार महिने ढगाखाली राहणाऱ्या मुंबईकराला उन्हावर सगळं भागवणं कठीण. खाण्यात डी फार थोड्या गोष्टींत असतं : बांगडा, तारलीसारखे तेलकट मासे, अंड्याचा बलक, 'प्लस एफ' दूध. दिवसाची गरज ६०० युनिट. म्हणून इथे गोळीला मी नाही म्हणत नाही.

पायरी ६ : बी १२, शाकाहाऱ्यांनी इथे थांबून वाचा

हे जीवनसत्त्व जंतू बनवतात, आणि आपल्याला मिळतं ते प्राण्यांपासून आलेल्या अन्नातून. डाळ, भाजी, फळ, सुकामेवा यांत ते नाही. आंबवलेल्या इडली-आंबोळीवर किंवा स्पिरुलिनावर भिस्त ठेवू नका. स्पिरुलिनात असतं ते बहुतांशी तोतयं रूप, शरीराला निरुपयोगी. दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम. दुधाच्या मोठ्या पेल्यात साधारण एक, अंड्यात अर्ध्याच्या आसपास. म्हणजे शाकाहारी माणसाला दोन पेले दूध किंवा वाटी-वाटी दही रोज हवं. "चहात दूध असतं की," असं म्हणणाऱ्यांनी एकदा कटिंगमधलं दूध चमच्यानं मोजून बघावं.

मासे खाणाऱ्यांना सोपं आहे. बांगड्याच्या एका तुकडीत दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट मिळतं, तिसऱ्यांत (शिंपल्यांत) तर त्याहूनही जास्त. कोळणीनं वाट्यावर लावलेल्या तिसऱ्या, ओलं खोबरं लावून केलेलं सुकं, आठवड्यातून एकदा, बी १२ चा प्रश्न मिटला.

यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून कमतरता दबक्या पावलांनी येते. तळपायांची आग, हातापायांना मुंग्या, जीभ लालबुंद आणि गुळगुळीत, विसराळूपणा, चालताना तोल जाणं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोलसारखी गोळी घेणाऱ्यांनी मांसाहारी असूनही सावध राहावं, या दोन्हींमुळे बी १२ चं शोषण कमी होतं. आमच्याकडे या दोन पट्ट्या एकाच चिठ्ठीवर नेहमी असतात. "ॲसिडिटीची गोळी अजून किती महिने?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

पायरी ७ : तपासणी मोजकी

लोकलच्या डब्यात चिकटवलेली 'फुल बॉडी' पॅकेजं सोडून द्या. तेरा जीवनसत्त्वं मोजायची गरज नसते. लक्षणं असतील, शुद्ध शाकाहार असेल, वय साठच्या पुढे असेल किंवा वरच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारून बी १२ आणि २५-हायड्रॉक्सी डी (म्हणजे रक्तातलं डी), सोबत साधा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). ढोबळ मानानं बी १२ दोनशे पिकोग्रॅमच्या खाली आणि डी वीस नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर कमी धरतात.

रक्त गोळ्या सुरू करण्याआधी द्या. दोन बी १२ खाऊन मग तपासलं तर आकडा फसवा येतो. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर लॅबमध्ये आणि डॉक्टरांना आधी सांगा. ते थायरॉइडच्या आणि हृदयविकारासाठी करतात त्या ट्रोपोनिनच्या काही तपासण्यांत गोंधळ घालतं. केस किती वाढतात कोण जाणे, रिपोर्ट मात्र चुकतो.

पायरी ८ : गोळी घ्यायचीच तर

डी ची गोळी किंवा सॅशे दिवसातल्या सगळ्यात भरल्या जेवणानंतर, कारण तिला स्निग्धांश लागतो. बी कॉम्प्लेक्स सकाळच्या नाश्त्यानंतर. ती सुरू केल्यावर लघवी गर्द पिवळी झाली म्हणून घाबरून फोन करू नका, तो बी २ चा रंग. पण बी आहे म्हणून कितीही चालतं असंही नाही. बी ६ मोठ्या मात्रेत महिनोन् महिने घेतलं तर नसाच बधिर होतात, म्हणजे ज्यासाठी घेतलं तेच दुखणं. सी रोज दोन ग्रॅमच्या वर गेलं की पोट बिघडतं आणि मुतखड्याचा धोका वाढतो.

रक्त पातळ करायला वॉर्फरिनसारखी गोळी चालू असणाऱ्यांनी पालेभाजी सोडू नये आणि अचानक वाढवूही नये. के मुळे त्या गोळीचा असर कमी होतो. रोजचं प्रमाण सारखं असलं की डॉक्टर मात्रा त्याप्रमाणे बसवतात. श्रावण धरलात आणि महिनाभर पालेभाजीच पालेभाजी झाली, तर आधी कळवा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांपासून लांब राहावं; मोठ्या चाचण्यांत धूम्रपान करणाऱ्यांमध्ये त्यांनी फुफ्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला. गाजर खुशाल खा.

गरोदरपण आणि लहान मुलं

इथे माझ्याच वाडीतली गोष्ट सांगते. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत बसून त्यांनी गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या ॲनिमियाचा अभ्यास केला. निकृष्ट जेवण असणाऱ्या बायकांना तो जास्त होता. यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, दिल्यावर त्या बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली त्यांनी हे छापलं. त्या अर्कातल्या अनोळखी घटकाला पुढे 'विल्स फॅक्टर' म्हटलं गेलं आणि नंतर तेच फोलेट ठरलं. आज प्रत्येक गरोदर बाईला जी फॉलिक ॲसिडची गोळी मिळते, तिचं मूळ या गिरणगावात आहे.

ती गोळी मूल हवं असं ठरवल्यापासूनच, रोज किमान ४०० मायक्रोग्रॅम, सुरू करायची. बाळाचा मज्जारज्जू ज्यातून बनतो ती नळी गर्भ राहिल्यावर साधारण अठ्ठावीस दिवसांत मिटते, तोवर पुष्कळींना दिवस गेल्याचंच कळलेलं नसतं. आधीच्या बाळात या नळीचा दोष असेल तर डॉक्टर जास्त मात्रा देतात. गरोदरपणात कलेजी वारंवार खाऊ नका आणि ए ची वेगळी गोळी मनानं घेऊ नका, ए चा अतिरेक गर्भाला घातक असतो. आणि फिकटपणा आला म्हणून नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहू नका. बी १२ ही कमी असेल तर त्यानं रक्त सुधारलेलं दिसतं, नसा मात्र आत खराब होत राहतात.

मुलांना नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीबरोबर ए चा १ लाख युनिटचा डोस, मग सोळा ते अठराव्या महिन्यात आणि पुढे दर सहा महिन्यांनी २ लाख, पाच वर्षांचं होईपर्यंत एकूण नऊ. महापालिकेच्या दवाखान्यात किंवा अंगणवाडीत तो फुकट मिळतो. बरेच आईबाप लशी संपल्या की शेवटचे डोस विसरतात. कार्ड काढून नऊ खुणा मोजा.

पट्ट्या ओट्याशेजारी किंवा न्हाणीघरात ठेवू नका, पावसाळ्यात कॅप्सूल एकमेकांना चिकटतात. कपाटात, पट्टीतच ठेवा. सुट्या करून डबीत भरल्या तर मुदतीची तारीख जाते. डी किंवा बी १२ चा कोर्स दिला असेल तर तीन महिन्यांनी तीच तपासणी, शक्यतो त्याच लॅबमध्ये. आणि काउंटरवर येताना पहिल्या पायरीतली वही घेऊन या, नुसत्या "ती लाल गोळी, गोल असते बघा," एवढ्यावरून मला काही सापडत नाही.